पिशवीचं तोंड

द्वारका आशाताई म्हणाली, पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे,
बुधवारी, चोपड्याला, फुकट.
मी तेव्हा किराणावाल्याच्या पन्नास पिशव्या शिवत होते.
मला हसू आलं.
पिशवीचं तोंड मला कोण शिकवणार?
दुहेरी दुमड, वरून आडवी टीप,
कारण पिशवी आधी तिथेच उसवते,
तळ शाबूत असतानाच.

मग हसू थांबलं.
मापांच्या वहीत कौतिकबाई होती.

दिवाळीला कंबर बत्तीस.
संक्रांतीला तीस.
आखाजीला तीच म्हणाली, दोन्हीकडून एकेक इंच आत घे व माय,
उन्हाळ्यात अन्न जात नही.
मी घेतला एकेक इंच.
टाचण्या तोंडात होत्या म्हणून विचारलं नाही,
असं मी स्वतःला सांगत आले आहे.
पोळ्याच्या आठवड्यात तिचा मुलगा
न शिवलेलं कापड परत न्यायला आला.
शिलाई किती झाली, विचारत होता.

बुधवारी लासूरहून सकाळची एसटी.
घरी सांगितलं, दोरे आणायला जाते.
खोटं नव्हतं, दोरेही आणायचेच होते.
जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रकांतून उडालेला कापूस
रस्ताभर बाभळींना अडकलेला,
जणू कुणी काट्यांना पट्ट्या बांधल्या होत्या.

नाव? रत्नप्रभा भाऊलाल शिंपी.
वय? चव्वेचाळीस. लग्नात? सतरा.
लेकरं किती झाली? चार.
आहेत किती? तीन.
पावरा सिस्टर सगळं पेनानं लिहीत गेली.
मी मापं पेन्सिलीनं लिहिते.

पडद्यामागे परकर काढला.
गावभराच्या झंपरांना अस्तर लावणारी मी,
माझ्याच परकराची शिवण चार बोटं उसवलेली.
घडी घालताना ती बाजू आत ठेवली.
कोण बघणार होतं?
तरी.

पाय वर घ्या. अंग सैल सोडा.
हेच तर मी रोज म्हणते बायकांना,
पोट ओढू नका, खरं माप येऊ द्या.
कुणीच सोडत नाही.
मीही सोडलं नाही, तिसऱ्यांदा सांगेपर्यंत.

लोखंड थंड होतं.
छताला पाल होती. मी ती मोजली. एकच होती.
मग वास आला व्हिनेगरचा,
चायनीजच्या गाडीवर येतो तसा, अगदी तोच.
हे लावायचं आणि मिनिटभर थांबायचं, ती म्हणाली,
पांढरं उमटलं तर पुढचं बघू.

एका मिनिटात माझ्या हातून एक बाही चढते.
तेवढ्यात तिनं बॅटरी पेटवली, जवळ ओढली,
आणि पांढरं म्हटल्यापासून मला
बाभळींवरचा सगळा कापूस दिसत होता,
लासूरपासून इथपर्यंतचा.

उठा. काही नाही.
पाच वर्षांनी परत या.
मी विचारलं, कोणत्या तारखेला?
ती लेकीच्या वयाची पोर हसली.
परकर बांधताना नाडी दोनदा हातातून सुटली.

बाजारात दोरे घेतले. राणी, मोरपंखी,
आणि कुणीच न सांगितलेलं एक पांढरं रीळ.

संध्याकाळी वच्छला आली, लग्नाचा झंपर टाकायला.
तिच्या कंबरेभोवती टेप, टोक माझ्या चिमटीत.
टाचण्या डबीत ठेवल्या. सगळ्या.
म्हटलं, वच्छला, अंगावरून जास्तीचं काही जातं का तुझ्या?
मधेच कधी डाग?
ती दाराकडे बघत राहिली.
बाहेर कुणी शेळी हाकलत होतं.
ढिला ठेव, म्हणाली, झंपर.

मी काही बोलले नाही. टेपही सोडली नाही.

बऱ्याच वेळानं, भिंतीला विचारावं तसं:
दुखस का व?

थोडं, म्हटलं.
मशीनची सुई नखात जाते ना, त्याहून कमी.

तिनं श्वास सोडला.
टेप बोटभर सैल झाली,
आणि मी आकडा बघायचं विसरले.